काढलेली ओळ

फोन ठेवला तरी संगमेश्वरचा हात रिसीव्हरवरच राहिला. हाताला घाम आला होता आणि काळं प्लॅस्टिक तळव्याला चिकटल्यासारखं झालं होतं. पुण्याहून बोलणारा माणूस सभ्य होता, आवाजावरून तिशीतला. दोनच मिनिटं बोलला. "तुमच्या ग्रंथालयात वनिता साळवे होत्या ना?" "होत्या. रोजंदारीवर होत्या. गेल्या जूनपर्यंत." "आमच्या कंपनीत त्यांनी अर्ज केलाय. आमच्याकडे डिग्रीपेक्षा केलेलं काम बघतात. 'ग्रंथघर' हा तुमचा प्रोग्राम आपण लिहिला, असं त्या सांगतात. आम्ही नेटवरून उतरवून बघितला, तर वर नाव फक्त तुमचं. म्हणून म्हटलं, सरांनाच विचारावं." इथे क्षणभर नुसती खरखर ऐकू आली होती. तेवढ्या खरखरीत पुरतं एक वाक्य सांगता आलं असतं. सगळं तिनंच लिहिलंय, एवढंच. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "ती नोंदी भरायची." "म्हणजे फक्त पुस्तकांची माहिती टाईप करायच्या?" "हां. तसंच." "बरं झालं विचारलं. आम्ही पाच वाजता यादी पक्की करतो. तोपर्यंत आणखी काही आठवलं तर सांगा, नंबर आणि मेलचा पत्ता देतो." संगमेश्वरने नंबर लिहून घेतला होता, पुस्तकाच्या कोऱ्या कार्डावर, नीट, एकाखाली एक अंक मांडावेत तसा. मग फोन ठेवला, आणि त्याच वेळी लाईट गेली.

धारूरला त्या दिवसांत अकरा ते चार लाईट नसायची. ग्रंथालयाचे सहाही पंखे हळूहळू मंद होत थांबले आणि त्यांच्या पात्यांवरची नावं वाचता येऊ लागली. कॉलेजला देणगी म्हणून आलेल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव होतं. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात 'कै. सुंदरराव यांच्या स्मरणार्थ', भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कुणाच्या तरी वडिलांचं, पाण्याच्या टाकीवर एका पतसंस्थेचं. पंखे फिरताना ती नावं दिसत नसत, नुसती एक लालसर कड गरगरत राही. संगमेश्वर बावीस वर्षं या पंख्यांखाली बसत होता. लाईट गेली की वर बघायचं आणि सुंदररावांना वाचायचं, अशी सवयच लागली होती. आज त्याने वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"काय सायेब, कुणाचा फोन?" शिपाई तात्याबा खिडकी उघडत म्हणाला. "असाच. पुण्याचा." "पुण्याचा आन् असाच?" तात्याबा हसला. "पुण्याची मानसं फुकट फोन करीत न्हाईत, सायेब." संगमेश्वरही हसला. हसताना गालाचे स्नायू दुखले. त्याने टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. काळी काच, तीत खिडकीचा चौकोन आणि त्यापुढे आपलं डोकं. लाईट येईपर्यंत काही करता येत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. हे खरंही होतं आणि नव्हतंही. कॉम्प्युटरला लाईट लागत होती, फोनला नाही. फोन सबंध दुपार त्याच्या उजव्या हाताशी होता.

वनिता पहिल्यांदा आली ते दोन हजार एक साल. धारूरच्याच शहादेव साळव्यांची मुलगी, बी. एस्सी. झालेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत प्रमाणपत्रं. प्राचार्य कल्याणरावांनी तिला महिना बाराशे रुपयांवर कॉम्प्युटरशी बसवली. तेव्हा ग्रंथालयात एकच मशीन होतं आणि त्यातले सगळे प्रोग्राम बीडहून कुणी तरी फुकट भरून दिलेले, चोरीच्या सीडीवरून. दर दोन महिन्यांनी मशीन बंद पडायचं. मग मोटारसायकलवरून एक मुलगा यायचा, तीनशे रुपये घ्यायचा, सगळं पुसून पुन्हा भरायचा आणि आधी टाकलेल्या नोंदी गेल्या म्हणून सांगायचा. तीन वेळा असं झाल्यावर वनिता एका मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आली. "सर, ह्यो लिनक्स हाय, मशीन चालवायचा प्रोग्राम. ह्येला पैशे न्हाईत आन् ही चोरीबी न्हाई." संगमेश्वरला ते पटेना. पैसे नाहीत आणि चोरीही नाही, असं काय असतं? पंख्यालासुद्धा सुंदरराव लागतो. "मग हे दिलं कुणी?" "लई जनांनी, सर. ज्यानं ज्यानं जेवढं ल्हिलं तेवढं त्याचं. समद्यांनी समद्यांला दिलं." "आणि त्यांना काय मिळतं?" ती थोडी विचारात पडली. उत्तर जुळवताना एखाद्या हुशार मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो तिच्या चेहऱ्यावर आला. "आडासारखं हाय बगा, सर. कुनीबी यावं, पानी शेंदावं, घरी न्यावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच. ज्यानं खांदला त्याचं नाव काडायचं न्हाई."

आड हा शब्द म्हणताना ती किंचित अडखळली होती. तेव्हा ते त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्याने सोडून दिलं. आज, पंखे थांबलेल्या त्या कोंदट हॉलमध्ये, त्याला आपल्या गावचा, सिरसाळ्याच्या गल्लीतला आड आठवला. चिरेबंदी काठ, दोराने घासून पडलेल्या खाचा. काठापासून दहा-बारा हातांवर लिंबाच्या सावलीत दोन-तीन बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या असायच्या. त्या स्वतः शेंदत नसत. कुणाला वेळ असला, मनात आलं, तर वरून त्यांच्या घागरीत धार धरायची. त्याची आई बसम्मा धरायची. पाच-सहा वर्षांचा संगमेश्वर तिच्या लुगड्याला धरून उभा असायचा. "आई, त्या कावून शेंदत न्हाईत?" त्याने विचारलं होतं. बसम्मा म्हणाली होती, "बसल्यात की त्या." त्या उत्तराने तेव्हा त्याचं समाधान झालं होतं.

साडेबारा झाले. दोन मुली मराठीची गाईडं मागायला आल्या. त्याने वहीवर त्यांची नावं लिहून घेतली, लाईट आली की मशीनमध्ये टाकायला. ही पद्धतही वनितानेच बसवली होती. तीन वर्षं ती त्या खुर्चीत बसली. जेवणाचा डबा आणायची, पण ग्रंथालयात खात नसे, मागच्या पायऱ्यांवर जाऊन खायची. का, हे त्याने कधी विचारलं नाही. आठ हजार पुस्तकं, कुठलं कुणाकडे, कधी परत यायचं, कुणाचा दंड माफ, सगळं तिने त्या फुकटच्या साधनांवर एकेक ओळ लिहून उभं केलं. त्याला यातलं फार कळत नव्हतं. पण कळत नाही हे तिला कळू नये म्हणून तो मागे उभा राहून मधूनमधून "हे असं केलं तर?" असं म्हणायचा आणि ती गंभीरपणे "बरूबर हाय, सर," म्हणून काही तरी बदलायची. फाइलीच्या डोक्यावर तिने इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली, 'मूळ लेखन : वनिता शहादेव साळवे'. दुसरी, 'मार्गदर्शन : संगमेश्वर, ग्रंथपाल'. दुसरी ओळ त्याने मागितली नव्हती. ती बघून त्याला किती दिवस तरी बरं वाटत होतं.

दसऱ्याला कल्याणरावांनी कॉम्प्युटरची पूजा करायला सांगितली. "सर, आदी बंद करते, पाकळ्या आतल्या पंख्यात जात्यात," असं म्हणून तिने मशीन नीट बंद केलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. संगमेश्वरने पडद्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. प्रसादाचा पेढा तात्याबाने तिला दारातच नेऊन दिला. तिने घेतला, रुमालात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी कुंकवाचा डाग ओल्या फडक्याने तिनेच पुसला.

मग दोन हजार चारच्या जानेवारीत तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजला रंग लागला. कल्याणराव 'ग्रंथघर' बघायला आले आणि पडद्यावरच्या त्या दोन ओळींपाशी त्यांचं बोट थांबलं. "अहो संगमेश्वरराव, ही मुलगी मंजूर पदावर नाही. समिती विचारणार, ही कोण? मग मी काय सांगू? बाराशेवर बसवलीय म्हणून सांगू? तेवढी ओळ काढा. समिती गेली की घाला परत. ओळच तर आहे." बोलणं साधं, व्यवहाराचं होतं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता, निदान ऐकू येण्यासारखा नव्हता. वनिता त्या दिवशी वडवणीला मावशीकडे गेली होती. संगमेश्वरने ओळ काढली. त्यासाठी एक कळ दाबून धरावी लागते आणि अक्षरं उजवीकडून एकेक करून जातात. आधी साळवे गेलं, मग शहादेव, मग वनिता. खोटं असं त्याला काहीच लिहावं लागलं नाही. तिची ओळ गेली आणि त्याची उरली, एवढंच झालं. समितीने वाखाणलं. त्याला शाल आणि नारळ मिळाला. बीडच्या पेपरात फोटो आला, तो अजून काचेच्या कपाटात होता. पुढे ज्याने-त्याने प्रोग्राम मागितला, तेव्हा पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने तो नेटवर ठेवून दिला, होता तसा. ओळ परत घालायची राहिली. आज घालू, सोमवारी घालू. मग जून आला, कल्याणरावांनी रोजंदारीची माणसं कमी केली आणि वनिता वडवणीला एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. ती तर आता इथे कामाला नाहीच, असं त्याला एकदा वाटलं होतं, आणि त्या वाटण्याने थोडं हलकंही वाटलं होतं.

दोन वाजले, अडीच वाजले. पाणी प्यायला तो टाकीपाशी गेला, तांब्या उचलला, आणि भलतंच आठवलं. घरी एक पितळी तांब्या होता, आत्याचा, छबुबाईचा. तिच्या लग्नात आलेला, पोटावर तिचं नाव घातलेलं. कशावरून तरी वडिलांचं आणि तिचं बिनसलं. तांब्या वडिलांकडे राहिला. वडिलांनी बाजारात बसणाऱ्या नाव घालणाऱ्याकडून ते नाव घासून काढून घेतलं. पण झालं असं की घासलेली जागा बाकीच्या तांब्यापेक्षा जास्त चमकू लागली. पाहुणा आला की त्याची नजर आधी तिथेच जायची. बसम्मा चिंच लावून सगळा तांब्या घासायची, तरी तो चट्टा वेगळा दिसायचाच. शेवटी तिने तो माळ्यावर टाकला. "हात लावला की कळतंय मला, छबूचा हाय ते," म्हणाली होती.

आता उचलावा फोन, असं त्याने तीन वेळा ठरवलं. काय बोलायचं याची वाक्यं तयार केली. साहेब, सकाळी माझ्याकडून चूक झाली. साहेब, मी ऐकताना गोंधळलो. साहेब, ते सगळं तिनंच केलंय. पहिली दोन वाक्यं सहज येत होती. तिसऱ्याशी आलं की पुढचा प्रश्न ऐकू यायचा : मग तिचं नाव कुठे गेलं, सर?

"आज काय गणित मांडलंय का, सायेब? ओठ हालायल्यात," तात्याबा म्हणाला.

"तात्याबा, ती वनिता आठवते?"

"न आठवायला काय झालं? ह्या मशीनपाशी म्या कदी काय सांगितलं तर ल्हून घ्यायची. म्या म्हणलं, आगं, दोन पुस्तकांला येकच नंबर दिसतोय. तर म्हनली, तात्या, तुमचं नाव ल्हिते हितं. म्या म्हणलं, आगं, मला वाचाया येत न्हाई. तर म्हनली, मशीनीला येतंय." तात्याबा खिडकीबाहेर थुंकला. "लई येडी पोरगी."

चारला लाईट आली. पंखे फिरू लागले, सुंदरराव पुसट होत गेले. संगमेश्वरने मशीन सुरू केलं. फाइलीत कुणी काय बदललं, कधी, कशासाठी, हे मशीनने लिहून ठेवावं अशी सोय वनिताने पहिल्याच महिन्यात केली होती. ती त्याला इतिहास म्हणायची. तो नेटवर गेला नव्हता, याच मशीनमध्ये होता. गेल्या वर्षभरात त्याने तो उघडला नव्हता. आज उघडला. तिच्या हातच्या शंभरावर नोंदी होत्या, बारीक, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. 'दोन पुस्तकांना एकच नंबर येत होता, तात्याबांनी दाखवलं, दुरुस्त केलं.' 'सरांनी सुचवल्याप्रमाणे तारीख वर घेतली.' 'सभासद चुकून काढला जात होता. आता कारण लिहिल्याशिवाय कुणाचंही नाव काढता येणार नाही.' 'सरांच्या सांगण्यावरून.' 'सरांमुळे लक्षात आलं.' तो वाचत गेला. त्याने न सुचवलेल्या गोष्टीही त्याच्या नावावर होत्या. आणि मग जानेवारीतली ती एकच नोंद, त्याची स्वतःची. मशीनने त्या दिवशी कारण विचारलं होतं आणि त्याने लिहिलं होतं, 'अनावश्यक ओळ काढली.'

हे लिहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तारीख होती, वेळ होती, दहा वाजून दहा मिनिटं, आणि नाव होतं.

सव्वाचारला त्याने ती ओळ परत टाईप केली. वनिता, शहादेव, साळवे. मशीनने कारण विचारलं. 'नाव घातलं,' असं त्याने लिहिलं. मग फोनची वायर काढून नेटला लावली आणि फाइल पुण्याला पाठवली. फाइल गेली. इतिहास त्याने पाठवला नाही. तो पाठवायला एकच जादा कळ होती. ती त्याने दाबली नाही, एवढंच. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता फोन सोपा होता.

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याने कार्डावरचा नंबर फिरवला. "मिळाली मेल, सर," तोच सभ्य आवाज. "पण फाइलीवर आजची तारीख आहे. आधीच्या सगळ्या प्रतींत नाव नाही, आणि सकाळी आपलं बोलणं झाल्यावर आज एकदम आलं. माझ्या साहेबांना काय सांगू? तुमच्याकडे जुना इतिहास असेलच ना? कुणी काय लिहिलं तो? तेवढा पाठवा, बास. मी थांबतो पाच मिनिटं."

इतिहास समोर उघडा होता. तिच्या शंभर नोंदी आणि त्याची एक. ती एक गाळून बाकीच्या पाठवता येत नव्हत्या. तिने ती सोयच अशी केली होती, की कुणाला काही गाळता येऊ नये.

"तो... ठेवलेला नाही आम्ही," संगमेश्वर म्हणाला.

मग तो माणूस हसला. हसण्यात टोचणारं काही नव्हतं, उलट माया होती. "समजतं, सर. आमचे सरही असेच होते, मुलांसाठी वाट्टेल ते करायचे. विद्यार्थिनीसाठी एवढी धडपड कोण करतं आता? आमच्या नियमात बसत नाही, पण तुमचं मन कळलं."

अजूनही बोलता आलं असतं. त्या माणसाने फोन ठेवला नव्हता. त्याच्या मागे ऑफिसातला आवाज येत होता, कुणी तरी खुर्ची सरकवत होतं.

"चांगली मुलगी आहे," संगमेश्वर म्हणाला.

शनिवारी सकाळी दहाला वनिता आली. दर शनिवारी यायची, आईला भेटायची आणि पुस्तक बदलून न्यायची. अंगावर तोच पिवळा ड्रेस, एसटीच्या धुळीने कडा तांबूस. "सर, पुन्याला तुमी सोता फोन केलता म्हनं."

त्याने मान हलवली. "काय म्हणाले?"

"न्हाई घेतलं. त्ये म्हनले, तुमच्या सरांला तुमच्याबद्दल लई जिव्हाळा हाय." ती कॉम्प्युटरकडे बघत होती. "आन् म्हनले, हितला इतिहास ठिवलेला न्हाई. मी म्हनलं, सर म्हनत असतील तर नसंल."

ती पुढे काही बोलेल म्हणून तो थांबला. चिडेल, रडेल, निदान कावून असं तरी विचारेल. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, त्यावर आपलं सभासदाचं कार्ड ठेवलं आणि दोन्ही पुढे सरकवलं.

"कार्डबी जमा करून घ्या, सर. आता येनं व्हायचं न्हाई."

"राहू दे की. कधी लागलं तर."

"न्हाई, सर. नाव काडा."

त्याने तिचं नाव शोधलं, काढण्याची कळ दाबली. पडद्यावर चौकट आली. कारण लिहा. खाली रिकामी जागा, आणि तीत लुकलुकणारी बारीक रेघ. त्याने तसंच पुढे जाऊन बघितलं. मशीनने सोडलं नाही, पुन्हा तेच विचारलं. त्याची बोटं कळांवर होती आणि हलत नव्हती. वनिता टेबलाच्या पलीकडे उभी राहून, पडदा उलट्या बाजूने दिसत नसतानाही, काय झालंय ते समजल्यासारखी बघत होती.

"त्येला रिकामं चालत न्हाई, सर," ती म्हणाली. वळसा घालून त्याच्या बाजूला आली, वाकली, त्याच्या हाताला धक्का लागू न देता कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि लिहिलं, 'सभासदाच्या स्वतःच्या इच्छेवरून.' मग कीबोर्ड होता तिथे सरकवून ठेवला. "आता दाबा."

त्याने दाबलं. तिचं नाव यादीतून गेलं आणि खालची नावं एकेक ओळ वर आली. शेवटच्या रकान्यात, नाव काढणाऱ्याचं म्हणून, मशीनने आपोआप त्याचं नाव लिहिलं.